पाण्यातले मजले

ही इमारत चार मजल्यांची आणि हिला लिफ्ट नाही. म्हणजे लिफ्टची जागा आहे. बांधणाऱ्याने मोठ्या हौसेने उभा चौकोनी खड्डा तेवढा ठेवला आणि पुढे लिफ्टचं नाव काढताच कानांवर हात ठेवले. त्या खड्ड्यातून आजवर दोन चेंडू, तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा चष्मा आणि एक मांजर इतकेच प्रवासी खाली गेले. परत वर आलं ते फक्त मांजर.

तळमजल्यावर धाकटी राहते. चौथ्यावर थोरली राहायची. दोघी जावा-जावा. इमारत उभी राहत होती तेव्हाच दोघा भावांनी दोन घरं घेऊन ठेवली. थोरलीला वारा हवा होता, म्हणून वरचं. धाकटी शिवणकाम करायची, गिऱ्हाईक दारात यायला हवं, म्हणून खालचं. चांगलं घर आपल्यालाच मिळालं, हे दोघी आयुष्यभर एकमेकींना सुनावत राहिल्या. नवरे एकापाठोपाठ एक गेले, पण हा वाद काही मिटला नाही.

लोक म्हणायचे, नात्याने जावा आणि वागणं सवतींचं. पण एकीला शिंक आली की दुसरी गोळ्यांचा डबा उघडायची, हेही त्याच लोकांनी पाहिलेलं. धाकटीला मूलबाळ नाही. थोरलीचा मुलगा शाळेतून आला की दप्तर खालीच टाकायचा, खाऊनपिऊन झोपायला तेवढा वर जायचा. "कळा मी सोसल्या आणि पोरगा हिने पळवला," असं थोरली जिन्यात उभी राहून चारचौघांना सांगायची, आणि जाताना त्याचा धुतलेला शर्ट खालीच ठेवून जायची.

धाकटीने उभी हयात पायमशीन चालवलं. आसपासच्या शाळांची पोरं तिने शिवलेल्या गणवेशात वाढली, त्यांतली काही आता टकलीही झाली. मशीनने पोरांना कपडे दिले आणि धाकटीचे गुडघे घेतले. आधी जिना चढताना कुरकुर, मग उठताना कळ, मग पाय उंबऱ्याशीच अडायला लागला. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरून दाखवला. दोन हाडांमधली गादी झिजली, हाडावर हाड घासतंय.

"म्हणजे अस्तर गेलं," धाकटी म्हणाली.

"तसंच समजा."

"मग नवं लावा की."

"ऑपरेशन करता येईल. पण तुमचं वजन आणि रक्तदाब बघता लगेच नको. आधी पाण्यातले व्यायाम करून बघा."

"नको तेच बरं. अस्तर बदलायला घेतलं की आख्खा कोट उसवतो, हे मीच लोकांना सांगत आले."

थोरलीचेही गुडघे तसेच, वर हृदयाची तक्रार. दोन वर्षांपूर्वी तिला दम लागला तेव्हा चार जणांनी खुर्चीत बसवून तिला खाली नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. थोरलीने कठड्याला मिठी मारली आणि अशी किंचाळली, की मास्तर साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आले. हॉस्पिटलातून परत आली तीही तशीच, खुर्चीतून, डोळे गच्च मिटून. वर टेकल्यावर म्हणाली, "आता पुन्हा मला उचलायचं ते मी ओरडू शकणार नाही तेव्हाच."

तेव्हापासून थोरली खाली आली नाही आणि धाकटी वर गेली नाही. पण बोलणं एक दिवस चुकलं नाही. मागच्या अंगाला धाकटीचं दार, दाराला एक पायरी, आणि तिच्या बरोबर वर, चार मजले सोडून, थोरलीची गॅलरी. मागच्या भिंती इतक्या जवळ की आवाज विहिरीतल्यासारखा घुमतो. संध्याकाळी धाकटी पायरीवर येऊन बसली की वरून पहिलं वाक्य ठरलेलं.

"भांग वाकडा पडलाय गं!"

"तिथनं तुम्हाला माझा भांगच दिसणार जाऊबाई. तोंड बघायचं तर खाली या."

"तू ये वर. माझ्यापेक्षा तरणी आहेस."

"तरणी? माझ्या गुडघ्यांना विचारा."

त्या वेळेला इमारतीत कुणी टीव्ही लावत नसे. गरजच नव्हती.

पुतण्याने, म्हणजे थोरल्या जावेच्या त्या पळवलेल्या मुलाने, मोबाईलवर तोंडं दाखवायची सोय करून दिली होती. दोघींनी एकदाच बघितलं. "हिचं कपाळच दिसतंय, ते मी रोज वरून बघते," थोरली म्हणाली. "आणि ह्यांचं नाकच," धाकटी म्हणाली, "ते मला पाठ आहे." मोबाईल मिटला. त्यापेक्षा दोरीची पिशवी बरी. थोरली वरून कापडी पिशवी सोडायची, त्यात कधी उसवलेली उशीची खोळ, कधी नातेवाइकांनी आणलेली बिस्किटं. पिशवी खाली टेकली की दोरीला जोरजोरात झटके. म्हणजे, घे लवकर, माझा हात भरून आला.

मग एक दिवस पुतण्या धाकटीच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि फडताळाची कडी उगाच उघड-बंद करत राहिला.

"काकू, डॉक्टर म्हणतात, आईचं हृदय फार दिवस साथ देणार नाही."

धाकटीने गॅस बंद केला.

"आम्ही चौघं जण तुला उचलून वर नेतो. खुर्चीतून."

"मी काय कपाट आहे?"

"अगं, पण..."

"जाऊबाईंच्या दारात मी ओझं म्हणून उतरायची नाही. त्या आयुष्यभर ऐकवतील." मग आयुष्यभर म्हणजे आता किती, हे तिच्याच ध्यानात आलं आणि ती खाली बघत म्हणाली, "माझ्या पायांनी जाईन. त्या आहेत तोवर जाईन."

तेवढं एकच आता धाकटीला हवं होतं. चार मजले.

त्याच आठवड्यात ती पाण्यात उतरली. दोन गल्ल्या सोडून एका हॉस्पिटलच्या तळघरात कोमट पाण्याचा लहानसा तलाव आहे. दोन खोल्यांएवढा, कडेने स्टीलची दांडी, उतरायला उतार, भिंतींवर वाफेचे थेंब. शिकवणाऱ्या पोरीच्या गळ्यात शिट्टी असे. ती तिने कधी वाजवली नाही, तरी नाव पडलं शिट्टीवाली.

पाण्यात घालायचे तयार कपडे धाकटीने दुकानात पाहिले, उलटे करून त्यांची शिलाई पाहिली आणि नाक मुरडलं. घरी येऊन स्वतःच एक शिवला. छत्रीच्या कापडाचा, पूर्ण बाह्यांचा, मनगटाला आणि घोट्याला घट्ट पट्टी. छत्रीत पाणी शिरत नाही, हा तिचा हिशेब. पाणी शिरलं नाहीच, पण आतली हवाही बाहेर पडेना. धाकटी तलावात उतरली आणि फुगली. पाय तळाला टेकेनात. काळा फुगा होऊन ती दांडी सोडून मधोमध गेली, आणि कडेला उभे असलेले सगळे गुडघेवाले आपापली दुखणी विसरून हसले.

"अहो बाई, छत्री मिटा!" एक म्हातारा ओरडला.

हा कंडक्टर. जन्म बसमध्ये उभ्याने गेला, आता निवृत्त. पाण्यातसुद्धा एक हात दांडीला आणि पाय फाकवून, बस आत्ता वळणार असल्यासारखा उभा राहायचा. शिट्टीवालीने धाकटीला ओढून आणलं, मनगटाची पट्टी उसवली, बुडबुड करत हवा बाहेर गेली आणि धाकटी हळूहळू जमिनीवर आली. दुसऱ्या दिवशी ती निमूट दुकानातला कपडा घालून हजर.

"छातीपर्यंत पाण्यात गेलात, की वजन जेमतेम तिसरा हिस्सा उरतं," शिट्टीवालीने समजावलं. "बाकीचं पाणी उचलतं. म्हणून इथे दुखत नाही. सांध्याला हालचाल मिळते, स्नायूंना ताकद येते. पण बाहेर गेल्यावर घाई करायची नाही हं काकू."

यातलं पहिलं धाकटीने मनात पक्कं शिवून घेतलं. शेवटचं वाक्य कानावरून गेलं.

जागच्या जागी चालायचं. दांडी धरून पाय बाजूला न्यायचा, आणायचा. उलटं चालायचं. फोमची डंबेल्स पाण्याखाली दाबायची, पाणी ती वर फेकायला बघतं आणि दंड भरून येतात. तलावाच्या एका अंगाला पाण्याखाली तीन पायऱ्या होत्या, जिन्याच्या सरावासाठी. पहिल्यांदा धाकटीने त्यांवर पाय ठेवला तेव्हा ती गुडघ्याच्या कळेची वाट बघत थांबली. कळ आलीच नाही. दुसरी पायरी. तिसरी. धाकटी वरच्या पायरीवर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"औषध फार टाकतात पाण्यात," कंडक्टर दुसरीकडे बघत म्हणाला. "डोळ्यांना झोंबतं." मग तिला बरं वाटावं म्हणून त्याने ठेवणीतला आवाज काढला. "पहिला मजला! उतरणारे पुढे या!"

तो रोजचा खेळच झाला. धाकटी पायऱ्या चढायची-उतरायची, थोड्या फेऱ्या झाल्या की कंडक्टर मजला पुकारायचा. "दुसरा मजला! दारात गर्दी करू नका!" सगळे हसायचे, धाकटीही.

आणि त्या संध्याकाळी पायरीवर बसून ती वर बघत म्हणाली, "जाऊबाई, आज एक मजला चढले!"

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. 'पाण्यात' हा शब्द पुढच्या वाक्यात येणारच होता. पण वरून आवाज आला, "अगं बाई! खरंच?" आणि त्या आवाजात असं काही होतं की धाकटीचं पुढचं वाक्य घशातच राहिलं.

"मग? थट्टा वाटली?"

थोरली म्हणाली, "मीही आज खोलीपासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारल्या. चांगल्या चार-पाच."

जावाच त्या. एक चढली तर दुसरी बसून कशी राहील?

पुढच्या आठवड्यात धाकटी दोन मजले चढली आणि थोरलीच्या फेऱ्या दहा झाल्या. मग धाकटीच्या डोक्यात आलं की जाऊबाईंनाही पाण्याचा गुण मिळावा. थोरलीच्या सुनेने टबात कोमट पाणी घालून गॅलरीच्या दाराशी ठेवायचं, थोरलीने त्यात पाय सोडायचे, आणि धाकटीने खालून शिट्टीवालीचे हुकूम सोडायचे.

"टाचा वर! पंजे खाली! आता पाणी मागे ढकला!"

"ढकललं!"

"आवाज नाही आला."

वरून पाण्याचा चळचळ आवाज यायचा. दुसऱ्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालता घालता टाचा वर-खाली करायला लागली होती. मास्तरांनीही सुरू केलं होतं, पण ते कबूल करत नसत.

दिवस गेले तशी दोरीची पिशवी अलगद खाली यायला लागली. झटका नाही, अडखळणं नाही. धाकटी खूश झाली. "हात चांगलाच चालायला लागला हो तुमचा!" ती ओरडली. "पाण्याचा गुण!" थोरली वरून म्हणाली. आवाज थोडा आतून आल्यासारखा वाटला, पण वारा असेल.

भांग मात्र रोज वाकडाच पडत होता. धाकटी आरशासमोर बसून अगदी पट्टीने आखल्यासारखा काढायची, तरी वरून तेच. "वाकडा गं, वाकडा!"

गुण खरोखर आला होता, नाही असं नाही. धाकटीला आता सलग झोप लागायची. कोपऱ्यापर्यंत काठी न टेकता जाऊन यायची. एका दुपारी, सगळे आपापल्या घरात पडलेले बघून, तिने खरा जिना धरला. चार पायऱ्या झाल्या, तलावातल्यासारख्या. पाचवीला गुडघ्याने ओळख दिली. पुढे एकेक पायरी म्हणजे कुणी हाडात सुई घालून ती मुद्दाम फिरवतंय. पहिल्या मजल्याच्या आधीच्या वळणावर ती कठडा धरून उभी राहिली, घामाने ओली. इथे वजन उचलायला पाणी नव्हतं. सगळंच्या सगळं तिचं तिला होतं. कठड्यावर पोट टेकून, एकेक पायरी, ती खाली आली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी वरून विचारणा झाली. "आज काय प्रगती?"

धाकटी हळदीचा लेप लावलेल्या गुडघ्यांकडे बघत बसली होती. "तिसरा मजला," ती म्हणाली.

"म्हणजे आता एकच राहिला."

"एकच."

दोनच दिवसांनी थोरलीची सून खाली आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"काकू, तुम्ही खरंच तिसऱ्यापर्यंत आला होता?"

"मग काय हवेत सांगितलं?"

"मास्तर म्हणाले, दिसला नाहीत. त्यांचं दार दिवसभर उघडं असतं."

धाकटीने मशीनवरचं झाकण नीट केलं. ते नीटच होतं. "पाण्यात चढले गं," ती म्हणाली. "तलावात पायऱ्या आहेत. तिथले मजले."

सून मटकन स्टुलावर बसली.

"ह्यांनी मागच्या गल्लीत तळमजल्याचं घर बघितलं होतं," ती म्हणाली. "आई तयार झाल्या होत्या. एकदाच डोळे मिटून खुर्चीत बसते म्हणाल्या, मग धाकटीकडे रोज जाता येईल. तुम्हाला आधी सांगायचं नाही, एकदम दारात जाऊन उभं राहायचं, असं चाललं होतं त्यांचं. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, एक मजला चढले. झालं. आई म्हणाल्या, ती पायांनी येतेय आणि मी ओझं होऊन जाऊ? नको ते घर."

"मग आता बघू दुसरं. मी बोलते त्यांच्याशी."

"आता डॉक्टर हलवू नका म्हणतात. जिन्यातच काहीतरी होईल."

"अगं, पण त्या तर फेऱ्या मारतात. टबात पाय..."

सुनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "टबात हात मी मारते काकू. तुम्हाला आवाज यावा म्हणून. दोरीही मीच सोडते. आई किती दिवसांत पलंगावरून उठलेल्याच नाहीत. पलंग गॅलरीच्या दाराशी सरकवलाय, तिथूनच ओरडतात. ओरडून झालं की अर्धा तास बोलता येत नाही."

धाकटी उठली. पायांत चपला घातल्या, केसांवरून हात फिरवला. "चल," म्हणाली.

"काकू, ह्यांना बोलावते, ते उचलून..."

"चल म्हणते ना."

पहिल्या वळणापर्यंत पाय कसेबसे आले. मग थांबले. धाकटीने कठडा धरला, मागे वळली आणि जिन्यात बसली. तलावातून बाहेर पडताना पायांनी दगा दिला तर काय करायचं, हे शिट्टीवालीने एकदा दाखवलं होतं. पायरीवर पाठमोरं बसायचं, दोन्ही हात वरच्या पायरीवर रोवायचे, आणि अंग उचलून एक पायरी वर. तेव्हा धाकटी म्हणाली होती, "हे रांगती पोरं करतात. मी नाही करणार." आता तिने हात रोवले. फोमची डंबेल्स दाबून दाबून दंड तयार झाले होते, हे तिला आत्ता कळलं. गुडघ्यांसाठी गेली होती आणि हात घेऊन आली होती.

एक पायरी. मग एक. साडी पायांत अडकली, ती सुनेने सारखी केली. सून खालच्या पायरीवर, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात काकूंच्या चपला. पाठमोरं चढताना पुढचं काही दिसत नाही, मागे राहिलेलं तेवढं खाली खाली जाताना दिसतं. धाकटीला आपलं दार दिसत होतं, मग नुसती चौकट, मग तीही नाही.

दारं उघडली. ही इमारत कशालाही हसते. मास्तरांचा चष्मा खड्ड्यात पडला तेव्हा आठवडाभर हसत होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने पाणी आणून दिलं आणि ओला फडका फिरवून पुढच्या पायऱ्या पुसत गेली. तिसऱ्यावर मास्तर पुढे झाले.

"हात देऊ?"

"माझे आहेत दोन. तुम्ही आत जा, दाढी करा."

मास्तर आत गेले नाहीत. भिंतीला चिकटून वाट सोडून उभे राहिले.

चौथ्या मजल्याचा उंबरा धाकटीने पाठीनेच ओलांडला. आणि मागून आवाज आला, अगदी जवळून, चार मजल्यांतून न येता आलेला, आणि म्हणून किती बारीक झालाय ते कळणारा.

"दोन वर्षांनी आलीस, आणि पाठ दाखवतेस? तोंड तरी बघू दे."

धाकटी बसल्या बसल्या वळली. पलंगावर थोरली होती. म्हणजे थोरलीतलं जे उरलं होतं ते. पाय उशांसारखे सुजलेले, आणि चेहरा मात्र एवढासा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सुनेने चपला कुठे ठेवाव्यात कळेना म्हणून हातातच धरल्या.

"भांग सरळ आहे की," थोरली म्हणाली.

"मग रोज वाकडा कुठनं दिसत होता?"

"दिसतंय कशाला काय इथनं? पत्रा दिसतो समोरचा." ती हसली, आणि हसण्याचा दम लागला.

"जाऊबाई, ते मजले पाण्यातले होते."

"कळत नव्हतं होय मला? तीन मजले चढलेल्या बाईचा आवाज तिसऱ्यावरून यायला नको? तुझा आपला रोज पायरीवरूनच."

धाकटी खाली गेलीच नाही. कशी जाणार? सुनेने पलंगाशेजारी दुसरी खाट लावली. जिला आयुष्यभर कामाशिवाय बसता आलं नाही ती नुसती बसून राहायची, थोरलीचा हात हातात घेऊन, मध्येच सुजलेल्या पायांना टबातल्या कोमट पाण्याने पुसायची. हुकूम न सोडता. एकदा संध्याकाळी गॅलरीतून झुळूक आली आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "वारा छान येतो हो इथे."

"ऐकलंस का गं?" थोरली सुनेला म्हणाली. "साक्षीदार राहा."

घराचं धाकटीच्या मनातून जात नव्हतं. मागच्या गल्लीतलं ते तळमजल्याचं घर तिने कधी पाहिलेलं नव्हतं, पण डोळे मिटले की त्याचं दार दिसायचं, आणि दारात खुर्चीवर बसलेली थोरली. एका दुपारी तिने विचारलंच.

"मी तसं बोलले नसते तर तुम्ही तिकडे गेला असता. रोज भेटलो असतो."

थोरलीने डोळे उघडले नाहीत. "मला जायचंच नव्हतं गं," ती म्हणाली. "पोराचं मन मोडवेना म्हणून हो म्हटलं. ह्याच घरातून जायचं होतं मला. तुझं निमित्त बरं मिळालं."

"खरं सांगता?"

"तुझ्याशी कधी खोटं बोलले?"

आणि दोघींनाही खोलीपासून गॅलरीपर्यंतच्या त्या दहा फेऱ्या आठवल्या.

थोरली सकाळी गेली, सून दूध तापवत होती तेव्हा. धाकटीच्या हातातला हात जड झाला, आणि धाकटीने तो तसाच धरून ठेवला, सून येऊन बघेपर्यंत.

तिला चौघांनी उचललं. वळणांवर पुतण्याचा आवाज येत होता. "डावीकडे घ्या. हळू. हळू." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सगळे क्षणभर थांबले. मग पुढे गेले. कुणी ओरडलं नाही.

धाकटीला बरोबर जाता येईना. ती थोरलीच्या पलंगावरून सरकत गॅलरीत गेली आणि गजांतून खाली वाकून बघितलं. गाडी मागच्या बाजूलाच लावली होती, धाकटीच्या पायरीशी. कंडक्टर आला होता, फाटकाची दांडी एका हाताने धरून, पाय फाकवून उभा. वरून सगळ्यांची फक्त डोकी दिसत होती. आणि रिकामी पायरी, हाताएवढी. इतक्या वरून एखाद्या बाईचं काय दिसणार? भांग तेवढा.

ती पुढे कितीतरी दिवसांनी खाली उतरली, बसूनच, या वेळी तोंड पुढे करून. तलावावर आता पुन्हा जाते. गुडघे बरे आहेत म्हणतात, म्हणजे आहेत तसे आहेत. तीन पायऱ्या चढते, उतरते. कंडक्टर मजले पुकारत नाही. एकदा तिनेच सांगितलं, "बोला की हो, सुनंसुनं वाटतं." त्याने घसा साफ केला, दांडीवरचा हात बदलला, आणि त्याला काही जमलं नाही.

थोरली खरं बोलली की जाता जाता समजूत घालून गेली, हे धाकटीने सुनेला विचारलं, पुतण्याला विचारलं, शिट्टीवालीलासुद्धा विचारलं. जो तो म्हणतो, खरंच असणार. सगळे इतक्या झटकन म्हणतात की तिला ते पटत नाही.

संध्याकाळी ती मागच्या पायरीवर येऊन बसते. पूर्वी पट्टीने आखल्यासारखा भांग काढायची. हल्ली चांगला बोटभर वाकडा असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला दिसतो, मास्तरांना दिसतो, गॅलरीत कपडे काढायला आलेल्या सुनेला दिसतो. चार मजल्यांतून कुणी काही म्हणत नाही.